भिंतीवरचा फोटो

"रविवारी संध्याकाळपर्यंत तो फोटो उतरवायचा. त्या जागी माझा लागेल," फोटोग्राफरने बायकोला बजावलं. "आणि असा लागेल, की तुझे भाऊजी फोन विकून टाकतील."

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. हा दम महिन्याभरात चौथ्यांदा ऐकत होती ती.

आता त्या भिंतीवरच्या फोटोबद्दल सांगायलाच हवं. थोरली सहा वर्षांची आणि धाकटा साडेतीन. दोघं बादलीत वडिलांचे बूट भिजत घालून साबणाने घासत बसलेत, फेस नाकापर्यंत आलाय आणि दोघंही खदखदून हसतायत. फोटो झकास होता, त्यात वादच नाही. दुखणं एवढंच, की तो काढला होता साडूने. हा साडू पाण्याचे पंप विकायचा. कॅमेरा कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. येताजाता खिशातून फोन काढला, दाबला आणि पुन्हा खिशात टाकला. त्यावर बायकोने तो फोटो मोठा करायला दिला, तोही नवऱ्याच्याच स्टुडिओत. म्हणजे फोटोग्राफरने स्वतःच्या हाताने तो छापला, स्वतःच्या हाताने फ्रेम केला आणि खिळाही स्वतःच ठोकला.

येणारा जाणारा म्हणायचा, "वा, घरात फोटोग्राफर असल्याचा हा फायदा."

बायको खरं बोलणारी. ती सांगायची, "छे हो, हा माझ्या बहिणीच्या मिस्टरांनी काढलाय. साध्या फोनवर."

ते 'साध्या फोनवर' ऐकलं की फोटोग्राफर उगाचच उठून फ्रेमची काच पुसायला लागायचा. तो माणूस एकोणीस वर्षं फोटो काढत होता. मात्र ते सगळे पासपोर्टचे. अर्ध्या गावाची हनुवटी त्याने दोन बोटांनी खालीवर केली होती. "कान दिसू द्या, तोंड मिटा, हसू नका" हे तो झोपेतही म्हणायचा, असं बायकोचं म्हणणं. पण साडूच्या हाताला जे जमलं ते आपल्याला जमू नये, आणि तेही आपल्याच पोरांच्या बाबतीत, हे काही त्याच्या पचनी पडत नव्हतं.

रविवारी सकाळी तो कॅमेरा घेऊन मुलांच्या खोलीत शिरला. मुलं पलंगावर उशा रचून दुकान मांडत होती. थोरलीने कॅमेरा पाहिला मात्र, तिने उशी टाकली, धाकट्याला दंडाला धरून ओढत नेलं आणि पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. स्वतःचे केस कानामागे सारले. भावाची हनुवटी दोन बोटांनी खाली केली. दोघांनी तोंडं मिटली आणि डोळे ताणले.

यात पोरांचा दोष नव्हता. स्टुडिओतला दिवा बदलला की बाप यांनाच स्टुलावर बसवून उजेड तपासायचा. धाकटा तर मान धरायला लागला तेव्हापासून हे काम करत होता.

"अरे, खेळा ना. मी इथे नाहीच असं समजा."

"बाबा, कान दिसतायत ना?" थोरलीने ओठ न हलवता विचारलं.

मग तो पडद्यामागे लपला. मुलं पुन्हा दुकानाला लागली. त्याने एक फोटो घेतला तर तेवढ्या 'खटॅक'ने दोघं ताडकन उठून भिंतीशी हजर. तो दाराआडून घ्यायला गेला, तिथेही तेच. दुपारपर्यंत त्याच्याकडे पासपोर्टसाठी कोणत्याही कचेरीत चालतील असे बावीस फोटो जमले होते.

तेव्हा त्याने जालीम उपाय काढला. "गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो," असं मोठ्याने सांगून त्याने बाहेरचं दार आपटलं, पण आतूनच. मग मोजे घातलेल्या पायांनी चोरासारखा मुलांच्या खोलीत आला आणि कपड्यांच्या कपाटात शिरून बसला. गुडघे कानाला लागले, डोक्यावर सासूबाईंनी विणलेला स्वेटर आला. दार बोटभर उघडं ठेवून त्याने फटीला भिंग लावलं.

मुलं खोलीत आली, पण एकटी नव्हती. पाठोपाठ साडू आला. बायकोने त्याला न्हाणीघरातला पंप बघायला बोलावलं होतं. पंप राहिला बाजूला, साडू जमिनीवर ओणवा झाला आणि घोडा बनला. दोघं पाठीवर बसली. घोडा खिंकाळला, उधळला, पलंगाला धडकला. पोरं मागे झुकून अशी हसत होती की धाकट्याला उचकी लागली.

खिडकीतून उजेड तर असा येत होता की मागूनही मिळाला नसता. कपाटातल्या माणसाला मात्र दिसत होतं ते वेगळंच. आपली पोरं इतकी हसतात? आपल्यासमोर का नाही हसत? हा टकल्या पंपवाला त्यांना काय देतो असं? जळून त्याचा कोळसा होत होता आणि त्या भरात तो फोटो घेत सुटला होता.

गोंधळात आवाज कोणाला ऐकू गेला नाही. पण घोडा दमून थांबला, खोली शांत झाली आणि नेमका तेव्हाच आणखी एक 'खटॅक' झाला.

"कपाट बोललं," धाकटा म्हणाला.

साडूचा चेहरा पांढरा पडला. "आत कोणीतरी आहे. ताई, इकडे या!"

बायको धावत आली. परिस्थिती पाहून तिने कपाटाचं दार खाड्कन लावलं आणि किल्ली फिरवली. साडूने पलंग ओढून दाराला टेकवला. आतल्याने विचार केला, की गप्प राहावं, हे गेले की बघू. बाहेर बायकोने नवऱ्याला फोन लावला.

कपाटात फोन वाजला. एकोणीस वर्षांची सवय, त्याने उचलला आणि कुजबुजला, "बोल. मी गिऱ्हाइकाकडे आहे."

"अहो, लवकर घरी या. कपाटात चोर आहे."

"आलोच," तो म्हणाला, आणि ते सगळ्यांना फोनशिवायही ऐकू आलं.

पलंग सरकला, किल्ली फिरली. फोटोग्राफर बाहेर आला तो रांगतच. मुलांनी आधी बापाकडे पाहिलं, मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे, आणि निमूट जाऊन भिंतीला पाठ लावली.

"अरे, आत्ता हसत होतात ना? मग माझ्याकडे बघून हसा की," तो अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तुम्हीच म्हणता ना, हसलं की फोटो वाया जातो," थोरलीने शांतपणे सांगितलं.

तो कॅमेऱ्यातले फोटो चाळत बसला. एकेक फोटो पाहता पाहता त्याचे हात थांबले. त्यातला एक असा उतरला होता की एकोणीस वर्षांत तसा उतरला नव्हता. पोरांची मान मागे, डोळे मिटलेले, धाकट्याचे सगळे दात मोजून घ्यावेत. अडचण एकच. त्यांच्याखाली साडू होता. त्याला कापावं तर पोरं हवेत तरंगत होती.

बायकोने बूट धुण्याचा फोटो खरंच उतरवला आणि हा लावला.

आठवड्याभराने शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई डोकावल्या. फोटोग्राफर कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून स्टुडिओत निघालाच होता. बायको "बसा, पाणी आणते" म्हणून आत गेली, जाता जाता पिशवीकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाली, "भिंतीवरचा तो फोटो यांनी काढलाय."

बाई फोटोसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"किती गोड. आणि मुलं अगदी या घोडा झालेल्या वडिलांवर गेलीत हो. तेच नाक, तेच हसू."

फोटोग्राफरने तोंड उघडलं.

"पण खरी कमाल तुमची," बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या. "असा फोटो मी आजवर पाहिला नाही. काय हात आहे तुमचा! आमच्याकडे नातवंडं आलीत, त्यांचे काढायला याल का?"

महिनाभर तो या एका वाक्यासाठी तळमळत होता. त्याने आत पाहिलं, बायको अजून आली नव्हती. त्याने फोटोतल्या साडूकडे पाहिलं.

"रविवारी जमेल," तो म्हणाला.