चौदा फूट पेन्शन

वैमानिकांना पगार रुपयांत मिळतो आणि पेन्शन उंचीत. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता कॅप्टन शेवटच्या कागदावर सही करतो, पेनाला टोपण लावतो आणि जितके फूट मंजूर झाले असतील तितके वर जाऊन हवेत थांबतो. पुढचं आयुष्य तिथंच. दर जानेवारीत आणि जुलैत महागाई भत्त्याचा एकेक इंच वाढतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेचा माणूस शिडी घेऊन घरी येतो. शिडी बँकेची असते, धरायला मात्र घरचं माणूस लागतं.

यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मास्तरांना शाल-श्रीफळ मिळतं, कारखान्यात घड्याळ मिळतं, तशी यांना उंची.

वावगं वाटत होतं ते एकट्या शालनताई आजगावकरांना. त्यांचे यजमान कॅप्टन विश्राम आजगावकर येत्या मंगळवारी निवृत्त होणार होते. पुण्यात सहकारनगरात तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट. युनियनने नुकताच नवा करार करून पेन्शन नऊ फुटांवरून चौदा फुटांवर नेली होती. चौदा फूट म्हणजे नेमकं कुठं, हे शालनताईंनी शिवणाची टेप घेऊन, जिन्याने वर-खाली करून स्वतः मोजलं होतं. ती जागा निघाली वरच्या हर्डीकरांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यापाशी.

"म्हणजे जन्मभर मी वाट बघायची, आणि म्हातारपणी तुम्ही हर्डीकरीणबाईंच्या ओट्यावर?"

"अगं, ओट्यावर नाही. ओट्याच्या वर."

"मग ठीक आहे. मग काहीच प्रश्न नाही!" असं म्हणून शालनताईंनी कुकरचं झाकण असं आपटलं, की शिट्टी उडून बेसिनमध्ये पडली.

त्यांचं चुकत नव्हतं हो. तेहतीस वर्षं या बाईने आमटी गरम करून ठेवली, आणि तेहतीस वर्षं कॅप्टनसाहेबांनी ती पुन्हा गरम केलेली खाल्ली. कधी पहाटे, कधी दुपारी चारला, कधी दुसऱ्या दिवशी. समोरासमोर बसून, पहिल्या उकळीची आमटी दोघांनी एकत्र खाल्ली, असं बोटावर मोजण्याइतक्या वेळा झालं असेल. शालनताईंना दुसरं काही नको होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि समोर नवरा.

बाकीच्या पेन्शनरांच्या बायका त्यांनी बघितल्या होत्या. सगळ्यांच्या मानेला पट्टा. घोरपडे वहिनींचंच घ्या. कॅप्टन घोरपडे जुन्या करारातले, नऊ फुटांवरचे. त्यांनी वरची स्लॅब फोडून हॉल दुमजली करून घेतला. पण बोलायचं तर वहिनींना वरच बघावं लागतं, आणि घोरपडे बोलतात फार.

"मी पट्टा लावणार नाही. आत्ताच सांगून ठेवते," शालनताई म्हणाल्या.

विश्रामनी प्रयत्न केला नाही असं नाही. ते कचेरीत जाऊन आले. पण अर्जात 'पेन्शन नको' लिहायला रकानाच नव्हता. "हक्क आहे, साहेब," कारकून म्हणाला, "हक्क नाकारता कसा येईल?" राहता राहिली रविवारची युनियनची वार्षिक सभा. तिथं काहीतरी करून बघतो, असं बायकोला सांगून ते निघाले. काय करणार, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

सभा दर वर्षी कोथरूडच्या एकाच मंगल कार्यालयात भरते, कारण त्याचं छत उंच आहे. नोकरीतले सभासद खाली खुर्च्यांवर बसतात आणि पेन्शनर वर. त्यांना चहा बांबूला बांधलेल्या झोळीतून पोचवतात. घोरपडे वहिनी यजमानांना दोरीने घेऊन आल्या होत्या. त्यांनी दोरी खिडकीच्या गजाला बांधली, मानेचा पट्टा नीट केला आणि स्वेटर विणायला घेतला.

सरचिटणीस कॅप्टन निफाडकरांनी अहवाल वाचला. माणूस गोरागोमटा, आवाज विमानातल्या सूचनेसारखा गार.

"सभासदहो, आम्ही आलो तेव्हा पगार काय होता, आठवा. वाढवला कुणी? आम्ही. आम्ही आलो तेव्हा पेन्शन नऊ फूट होती. आज किती?"

"चौदा!" अर्धं सभागृह ओरडलं.

तेवढ्यात कॅप्टन आसावरी घाणेकर उभी राहिली. वय चाळीसच्या आत, पण करार मुळापासून वाचणारी. सहा वर्षं विश्रामच्या शेजारच्या सीटवर बसून ती विमान शिकली होती.

"चौदा फूट कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"कलम सात. वाचते. 'सदर उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजण्यात येईल.' हे कुणी लिहिलं?"

"मी," निफाडकर म्हणाले. "उंची समुद्रसपाटीपासूनच मोजतात. आपण आयुष्यभर दुसरं काय केलं? तुमच्यासमोरचा काटा कुठून मोजतो?"

"आणि पुणे समुद्रसपाटीपासून किती?"

खाली खुर्च्यांवर एकशे तेवीस वैमानिक होते. सगळ्यांना आकडा तोंडपाठ होता. अठराशे फुटांच्या वर.

मग जो गलका झाला, तो काही विचारू नका. कुणी म्हणालं, आता काय जमिनीत गाडून घ्यायचं का आम्ही? कंपनीचे पर्सोनेलचे साहेब दर वर्षी सभेच्या जेवणाला येतात. ते उठले आणि त्यांनी खुलासा केला, की गाडण्याचा कंपनीचा विचार नाही. जे मुळातच चौदा फुटांहून उंच जागी राहतात त्यांना पेन्शन आधीच मिळालेली आहे, असं समजण्यात येईल. जास्तीची उंची परत मागितली जाणार नाही.

"म्हणजे आम्ही खालीच?" कुणीतरी विचारलं.

"जिथं आहात तिथं," साहेब म्हणाले.

विश्रामना वाटलं, उठावं आणि निफाडकरांना मिठी मारावी. खालीच! मंगळवारी पाच वाजता सही करायची, टोपण लावायचं आणि काहीही होणार नाही. चालत घरी. टेबल, आमटी, शालन. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्यांना वाटलं, पेन्शन गेली म्हणून. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

आसावरीने ठराव मांडला. 'समुद्रसपाटीपासून' काढून 'जमिनीपासून' घाला. निफाडकरांचा गट उसळला. शब्द बदलायचा म्हणजे चूक झाली हे कबूल करायचं, आणि युनियनच्या इतिहासात चूक झालेली नाही, तशी नोंद आहे.

तेव्हा वरून घोरपड्यांचा आवाज आला. पेन्शनरांना बोलायला मिळतं, मत मात्र नाही. त्यांचे हात आधीच वर, मोजायचं कसं?

"मी जास्त बोलत नाही," घोरपडे म्हणाले, आणि वहिनींनी सुई थांबवून वर बघितलं. "माझ्या घरावरून रोज सकाळी साडेसहाला एक विमान जातं. तेव्हा ही मला अंगणात नेऊन बांधते. तुम्ही म्हणाल, नऊ फुटांनी काय फरक पडतो? नऊ फुटांचाच पडतो. मी त्याच्या नऊ फूट जवळ असतो. बस. एवढंच मिळालं मला छत्तीस वर्षांचं, आणि मला ते पुरतं."

वहिनी पुन्हा विणायला लागल्या.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूने एकसष्ट, विरुद्ध एकसष्ट. एक हात दोन्ही वेळा खालीच राहिला, आणि सगळ्या माना विश्रामकडे वळल्या.

आता आली का पंचाईत! हात खाली ठेवला, की ठराव पडला, आणि मंगळवारी आमटी. नुसतं बसून राहायचं होतं. पण समोर आसावरी होती. पहिल्यांदा एकटीने विमान उतरवलं तेव्हा जशी बघत होती, तशीच आत्ता बघत होती. त्या दिवशी त्यांनी तिला 'उत्तम' म्हटलं होतं. पुढे तिला ते साडेसहाचं विमान मिळू नये, केवळ आपल्याला ताटावर बसायचंय म्हणून? विश्रामना स्वतःची लाज वाटली. आणि शालनचीही भीती वाटली. दोन्ही एकदम वाटलं.

ते उठले. "माझी एक दुरुस्ती आहे. 'जमिनीपासून' नको. 'सभासद सांगेल तिथून' असं घाला. ज्याला जमिनीपासून हवी त्याने जमिनीपासून घ्यावी. ज्याला समुद्रापासून हवी त्याने समुद्रापासून. म्हणजे युनियनची चूकही होत नाही."

निफाडकरांनी शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि स्वतः हात वर केला. मग सगळेच हात वर गेले. आसावरीने लांबूनच अंगठा दाखवला.

पर्सोनेलच्या साहेबांचीही हरकत नव्हती. "फक्त मोजणीची जागा राहत्या घराच्या आवारात हवी," ते पानावर बसता बसता म्हणाले. "बँकेचा माणूस दर नोव्हेंबरात टेप लावणार. तो काही समुद्रावर जाणार नाही."

विश्रामना जिलबी गोड लागली नाही.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हात खाली ठेवला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं. शालनताई ऐकत होत्या.

"म्हणजे हातातोंडाशी आलेला घास तुम्ही त्या पोरीला दिलात."

"हो."

"शहाणेच आहात." पण हे त्या कुकर न आपटता म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आवारात म्हणजे आवारात कुठेही?"

"कुठेही."

"टेप कुठे ठेवली मी?"

सोसायटीच्या मागच्या बाजूला एक कोरडी विहीर आहे. बुजवायची म्हणून दहा वर्षं नुसते ठराव होताहेत. शालनताई पदर खोचून तिच्या काठावर ओणव्या झाल्या, दोरीला तांब्या बांधून तळाला टेकवला, आणि दोरीवर गाठ मारून ती घरात आणून मोजली. जोत्याची उंची धरून, स्वयंपाकघराच्या फरशीपासून विहिरीचा तळ बरोबर तेरा फूट दहा इंच खाली होता.

मंगळवारी अर्जाच्या नव्या रकान्यात विश्रामनी लिहिलं, 'विहिरीच्या तळापासून.' सही केली, टोपण लावलं. पाचाच्या ठोक्याला ते कचेरीच्या फरशीवरून दोन इंच वर गेले आणि थांबले; घरच्या फरशीवर जेवढी उंची, तेवढीच माणूस जाईल तिथं. तसेच रिक्षात बसले. पाय टेकत नव्हते, एवढंच.

शालनताईंनी दाराशी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायांकडे बघितलं.

"बरं झालं. चपला झिजायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "बसा आता."

विश्राम खुर्चीवर बसले, म्हणजे खुर्चीच्या किंचित वर. समोर शालनताई बसल्या. मान सरळ होती. आमटीला नुकती उकळी फुटली होती. विश्रामनी पहिला भुरका मारला आणि जीभ पोळली.

"भाजलं ना? सवय नाही तुम्हाला," शालनताई म्हणाल्या, आणि त्यांनी उगाचच पदराने चष्मा पुसला.

जानेवारीत महागाई भत्ता लागू झाला. विश्राम चहा पिता पिता एक इंच वर सरकले. शालनताईंनी ते बघितलं, कप खाली ठेवला, आणि विहीर खणणाऱ्या भिवाजीला फोन लावला.

"या उद्या. एकच इंच खोल करायचीय. जास्त नको हं, गेल्या खेपेला दुसरीकडे तुम्ही चार फूट जास्त खणलंत म्हणे. इथं चालायचं नाही. आमचे हे जमिनीत जातील."