नरूभाऊंचा लाल

आमचे शेजारी नरूभाऊ यांचे हात सोमवारी पिवळे, गुरुवारी कत्थई आणि शनिवारी असे काळे, की भाजीवाली त्यांना वांग्यांना हात लावू देत नाही.

वापीच्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढली या माणसानं. रिटायर झाल्यावर लोक चिकूच्या झाडाखाली निवांत बसतात, हा रंग काढायला त्याची साल सोलत बसला! माझं डहाणूत शिवणाचं दुकान. हा रोज दारात हजर. "ताई, पांढरी चिंधी आहे का?" दुसऱ्या दिवशी तीच चिंधी चिखलात लोळवल्यासारखी करून दाखवायला आणणार. "हे काय ध्यान?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "रंग बसायला वेळ लागतो, ताई."

मध्येच प्लास्टिकचं खूळ. नारळाचा काथ्या कसल्याशा चिकट रसायनात कालवून स्टूल केलं. "लाकडाला भारी!" म्हणे. मी बसले ती स्टुलासकट भुईवर. तर हा म्हणतो, "काथ्या कमी पडला." माझी कंबर गेली त्याचं काही नाही!

पण खरा ध्यास लालचा. बारतोंडीच्या झाडाच्या मुळ्यांपासून लाल निघतो म्हणून तलासरीपलीकडच्या पाड्यांवर एसटीनं खेपा. आणि एवढ्या लांबून आणलेल्या मुळ्या उकळल्या कशात? लोखंडी कढईत! कापड कोळशासारखं काळं. "लोखंडानं रंग काळवंडतो हे तुम्हाला कळू नये?" मी विचारलं. "आमच्याकडं रंग पिंपातून यायचा, ताई," म्हणाला. धन्य!

आणि घरात बघावं तर सुमनवहिनी बारा महिने पांढऱ्या साडीत. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, अंगावर पांढरं. बायका कुजबुजायला लागल्या, तेव्हा मीच वहिनींना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. खोटं कशाला बोलू?

यंदा संक्रांतीच्या आधी नरूभाऊ ब्लाउजपीस घेऊन आले. जरा विटकरी, पण लाल.

"सुमनचं शिवायचंय. अस्तर नको. आणि दोरा पांढराच घाला."

"लालवर पांढरा दोरा? लोक म्हणतील शिवणारी आंधळी आहे!"

"बाजारचा रंग तिला चालत नाही, ताई. माझे कारखान्याचे कपडे तीस वर्षं तीच हातानं धुवायची. आता रंगीत काही अंगाला लागलं की कातडी सोलवटते." मग हातातली पिशवी उगाच घडी करत म्हणाले, "संक्रांतीला तुमच्याकडं बायका यायला लागल्या की खिडकी लावून घेते ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संक्रांतीला मी स्वतः जाऊन वहिनींना घेऊन आले. लाल ब्लाउजवर पांढरे टाके लांबूनही दिसत होते. एकजण फिसकन हसली, "अगंबाई, दोरा संपला होता का?"

"मी शिवलंय," मी म्हटलं. "तुझं काही अडलंय?"

कुंकवाची कोयरी पुढे केली आणि माझा हात थबकला. कुंकूही बाजारचंच की! वहिनींनी पदराची गाठ सोडून एक पुडी काढली.

"ह्यांनी हळदीचं घरी केलंय," त्या म्हणाल्या. "जरा फिकं दिसतं."

"दिसू दे," मी म्हटलं आणि चांगलं रुपयाएवढं लावलं.