आईच्या लिंकवर चहा

ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवणारे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक एकेक करून गळू लागले, तेव्हा संचालकांनी समन्वयक बाईंना बोलावलं. "घरबसल्या शिकवणाऱ्या या मंडळींना आपलेपणा वाटला पाहिजे," ते म्हणाले. "ताबडतोब!" सांख्यिकीच्या सरांचा राजीनामा तर येऊनच पडला होता. ते गेले की विषय बंद, आणि बहुधा बाईंची नोकरीही.

बाईंनी बेत आखला. शुक्रवारी संध्याकाळी आपापला चहा घेऊन सगळ्यांनी पडद्यासमोर यायचं आणि नुसत्या गप्पा मारायच्या. त्यासाठी नवी मीटिंग तयार केली, गडबडीत सगळ्यांना लिंक पाठवली आणि ठरल्या वेळी दोन-चार विनोद पाठ करून त्या मीटिंगमध्ये जाऊन बसल्या. चिटपाखरू फिरकलं नाही. चहावर साय धरली. संचालकांचा फोन आला, "किती जमले?"

"येताहेत हळूहळू," बाई म्हणाल्या आणि पाठवलेली लिंक तपासायला गेल्या. लिंक आईची होती! दूर एकट्या राहणाऱ्या आईला त्यांनी रोज संध्याकाळी बोलायला म्हणून ती कायमची करून दिली होती. आई रोज बसायची. बाईंना सवड महिन्यातून एकदा मिळाली तर मिळायची.

त्यांनी घाईने लिंक उघडली. सगळे प्राध्यापक हजर होते, आणि मधोमध मटार सोलत आई.

"मुलं कॅमेरे बंद ठेवतात म्हणजे काय? भिंतीशी किती बोलायचं माणसानं?" आई विचारत होती.

"तेच म्हणतोय, काकू," सांख्यिकीचे सर म्हणाले. "दोन वर्षांत विद्यापीठातून कुणी जेवलात का म्हणूनसुद्धा विचारलं नाही."

"मग, जेवलात का?"

"सकाळचं आहे थोडं."

"आधी गरम करून आणा. आम्ही थांबतो."

सर खरोखरच उठून गेले.

"आई, अगं..."

"आलीस? लेक गुणाची हो माझी! स्वतःला वेळ नाही, तर सोबतीला एवढी माणसं धाडलीस."

"अगं, ही माझी मीटिंग आहे."

"असेल. पण कायद्याच्या मॅडमचा हात मघापासून वर आहे. तूही कर. नंबर आला की बोल."

सर ताट घेऊन परतले. "बाई, तो राजीनामा तूर्त राहू द्या. पुढच्या शुक्रवारी इथेच ना?"

रिकाम्या पडद्यासमोर बसणं कसं असतं, ते बाईंना आजच कळलं होतं. आई मात्र रोज बसत होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी निमूटपणे हात वर केला.

"हं, आता तू," आई म्हणाली. "चहा घेतलास का?"

"गार झालाय गं."

"मग गरम करून आण. आम्ही थांबतो."