बुडून राहिलेली म्हैस

मार्च महिना होता, पण प्रतापनगर शाखेचे मॅनेजर मधुकरराव यांना उन्हापेक्षा बुडीत कर्जांचा चटका जास्त बसत होता. शाखेने वर्षभर व्याज कमवायचे आणि मार्चअखेर ते बुडीत कर्जांच्या खड्ड्यात लोटायचे, असा रिवाजच पडला होता. आता आणखी एक कर्ज बुडाले की शाखा तोट्यात आणि मधुकररावांची बदली पक्की. नुकतेच पुण्याहून आले होते बिचारे. नागपूरवर त्यांचा जीव जडला होता, नागपुरी बोली तेवढी अजून जिभेवर बसली नव्हती.

तपासणीला आलेल्या वामनरावांनी नेमके विचारले, "ही हुडकेश्वरची बायजाबाई. म्हशीसाठी कर्ज दिलंत. म्हैस पाहिली कुणी?"

कुणीच पाहिली नव्हती.

"म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल!"

मधुकररावांनी शिपाई लहानूला सायकलवर पिटाळले. तो घामाघूम होऊन परतला.

"म्हैस आहे ना रे?"

"हाय ना साहेब. तळ्यात बुडून राहिली."

मधुकररावांनी म्हशीबरोबर कर्जही बुडाले असे धरले. पुण्यात 'बुडून राहिली' म्हणजे बुडाली ती बुडालीच, वर आलीच नाही.

"आणि बाई?"

"काठावर बसून भाकर खाऊन राहिली."

"काय धीराची बाई!" मधुकरराव हळहळले.

"विमा?" वामनरावांनी विचारले. तोही उतरवायचा राहिला होता, आणि हे राहणे मात्र अस्सल पुणेरी होते.

स्कूटरवरून दोघे तळ्यावर पोचले. पाण्यावर नुसती दोन शिंगे आणि नाकपुड्या दिसत होत्या.

"जीव आहे अजून!" असे ओरडून मधुकररावांनी बूट-टायसकट उडी घेतली आणि शिंगे धरली. टाय घातलेला माणूस म्हशीने जन्मात पाहिला नव्हता. ती बिचकून खोल पाण्यात सरकली आणि मधुकररावांच्या पायांखालची जमीन गेली.

"वाचवा!"

बायजाबाईने भाकरी खाली ठेवली, पदर खोचला आणि साहेबांना गचांडी धरून काठावर आणले.

"काहून जीव देऊन राहिले, साहेब?"

"म्हैस बुडून राहिली म्हणाला ना तो लहानू!"

"तं खोटं काय हाय? बुडूनच तं राहिली. उन्हाचं पाण्यात बसल्याबिगर दूध देत नाही ती. अन् दूध नाही तं तुमचा हप्ता कुठून भराव?"

वामनरावांना हसू आवरेना. "कर्ज पक्कं आहे, मधुकरराव. तारण तेवढं ओलं आहे."

बायजाबाई मात्र हसली नाही. तिने पदराची गाठ सोडता सोडता पुन्हा आवळली.

"हप्ता भरून उरलेले पैसे तुमच्याच बँकेत ठेवाचे होते. पण ज्याले सोताले तरंगता येत नाही, त्याच्यापाशी पैसा कसा ठेवाव? पहिले पोहणं शिका, मंग पाहू."

मार्चअखेर शाखेला नफा झाला आणि बदली टळली. पण त्या उन्हाळ्यात दर रविवारी मधुकरराव हुडकेश्वरच्या तळ्यात त्याच म्हशीची शेपटी धरून आनंदाने पाय मारताना दिसू लागले. काठावरून बायजाबाई शिकवी आणि लहानू साहेबांचे कपडे सांभाळी.

"हे काय होऊन राहिलं गा?" येणारे-जाणारे विचारत.

"काही नाही गा," लहानू सांगे, "साहेब ठेवी गोळा करून राहिले."