गुरुजींचं सरबत

इंद्रभान सरकटे मेहकरच्या बाजार समितीत मापारी. पोत्यावर नुसता हात ठेवून वजन सांगायचा, आणि ते बरोबर निघालं की दिवसभर यार्डात सांगत फिरायचा. (चुकलं की दोष काट्याचा.) अशा माणसाच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांपासून एका एवढ्याशा डिजिटल काट्याचं राज्य होतं. त्याची अकरा वर्षांची लेक महामाया हिला डायबेटीस होता, रोज इन्शुलिन घ्यावं लागणारा. भाकरी किती ग्रॅमची, भात किती, त्याला इन्शुलिन किती, हे सगळं तिची आई पुष्पांजली बघायची आणि अलीकडं पोरगी स्वतःच. इंद्रभानकडं एकच काम उरलं होतं. पिशवी धरणं.

त्याच्या पुतण्याचं, धम्मदीपचं, सुलतानपूरला लग्न होतं. पुष्पांजली नवरदेवाची काकू, तिला स्टेज सोडता येईना. वर जाताना तिनं नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या. ग्लुकोज-बिस्किटांची पिशवी खांद्यावरून काढायची नाही, आणि ताट पुढ्यात आल्याशिवाय पोरीला इंजेक्शन घेऊ द्यायचं नाही. इंद्रभान म्हणाला, मले काय लहान पोरगं समजते का तू? तोवर ती स्टेजवर पोचली होती.

वंदना झाली, वधूवरांवर फुलं पडली, मंगल मैत्री झाली. इंद्रभाननं मांडवामागं डोकावून आचाऱ्याला विचारलं, पंगतीला किती वेळ? पाच मिनिटं, आचारी म्हणाला. बट्ट्या तळून झाल्या होत्या, वांग्याची भाजी उतरली होती, वरणाला फोडणी बसत होती. इंद्रभाननं ठरवलं की इंजेक्शन आत्ताच उरकावं, म्हणजे पोरगी पहिल्याच पंगतीला बसेल.

"बाबा, ताट येऊ द्या," महामाया म्हणाली.

"अवं, पाच मिनिटं म्हणते तो. मी डोळ्यानं पाहून आलो."

तिनं एकदा बापाकडं पाहिलं, पाकिटातून इन्शुलिनचं पेन काढलं, त्यावर सहाचा आकडा लावला आणि पोटात सुई टोचून घेतली. (मोठ्यांचं ऐकावं हे शाळेत शिकवतात. कधी ऐकू नये, हे कोणत्याच इयत्तेत नाही.)

तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली, की वधूवरांना आशीर्वादाचे दोन शब्द सांगायला कचरू गुरुजी येत आहेत. गुरुजी म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. अर्धा मांडव त्यांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळं ते बोलत असताना उठायची कुणाची छाती नव्हती. पंगत बसवायची तर बातच सोडा. आचाऱ्यानं मुकाट्यानं वरणावर झाकण ठेवलं.

गुरुजींनी नवऱ्या मुलाच्या आजोबांपासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी ते त्याच्या वडिलांच्या सातवीपर्यंत आले. पंचविसाव्या मिनिटाला म्हणाले, आता शेवटचा मुद्दा. त्यानंतर आणखी दोन शेवटचे मुद्दे झाले.

महामायानं त्याच पाकिटातून साखर मोजायचं मशीन काढलं, बोट टोचलं आणि आकडा बापापुढं धरला. अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली धोका. तिच्या कपाळावर घाम होता, हात बारीक थरथरत होते. "पिशवी द्या, बाबा."

इंद्रभाननं खांद्याकडं हात नेला. खांद्यावर पिशवी नव्हती. ती सकाळी आले त्या जीपमध्ये सीटला अडकवलेली होती, आणि जीप बर्फाच्या लाद्या आणायला लोणारला गेली होती.

 इथंच बस, तो म्हणाला आणि मांडवामागं पळाला. तिथं बुंदीच्या पातेल्यापाशी नवरदेवाची मावशी सत्यभामाबाई पहाऱ्याला बसली होती. पंगतीआधी बुंदीला कुणी हात लावायचा नाही, असा तिचा कायदा होता. इंद्रभानला धाप लागलेली, तोंडातून धड शब्द फुटेना.

"साखर कमी झाली!" तो कसाबसा म्हणाला.

सत्यभामाबाईनं पदर खोचला. "कोण म्हणते?"

"मशीननं दाखवली."

"बुंदीची साखर मशीनवर मोजून राह्यले तुमी?" तिनं आचाऱ्याला हाक मारली. "पाहा गा, हे पाव्हणे काय म्हणून राह्यले."

आचाऱ्याचा चेहरा पडला. वीस वर्षांत त्याच्या पाकाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यानं पळीभर गरम बुंदी उचलली आणि, खाऊन सांगा, म्हणत सरळ इंद्रभानच्या तोंडात घातली. माझी पोरगी, एवढंच सांगायचं होतं, पण बुंदीतून नुसतं "मामी पोमी" असं काहीतरी बाहेर आलं. जवळच्या एका बाईनं खुलासा केला, की मामीसाठी बुंदी मागतात वाटतं. शेवटी इंद्रभाननं पातेल्यात दोन्ही हात घातले, दोन मुठी भरल्या आणि धूम ठोकली. मागून सत्यभामाबाई, तिच्यामागून पळी घेतलेला आचारी.

तो मांडवाच्या कनातीपाशी पोचला आणि भोंग्यातून गुरुजींऐवजी त्याच्या लेकीचा आवाज आला.

"गुरुजी, माफ करा. तुमच्या पुढचं सरबत मी पिऊन राह्यली. मले डायबेटीस आहे. इंजेक्शन झालं, जेवण नाही झालं. साखर खाली गेली."

इंद्रभान जागीच थांबला. महामाया स्टेजवर, गुरुजींच्या टेबलापाशी उभी होती. एका हातानं टेबल धरलेलं, दुसऱ्या हातात लिंबू सरबताचा ग्लास.  तिनं घाई केली नाही, ग्लास रिकामा केला, परत होता तिथं ठेवला आणि गुरुजींच्या खुर्चीवर बसली. पुष्पांजली एव्हाना तिच्यापाशी पोचली होती. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि मांडवावरून नजर फिरवून नवऱ्याला शोधून काढलं. (बुंदीनं चिकटलेला माणूस लपत नाही.)

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "पंगत बसवा."

त्यांच्या उभ्या आयुष्यातल्या कुठल्याच भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

पंधरा मिनिटांनी महामायानं पुन्हा बोट टोचलं. आकडा अठ्ठ्याण्णववर आला होता. ताट पुढं आल्यावर तिनं बट्टी फोडली, हिशेबाबाहेरची दीड बाजूला ठेवली, वरणाची वाटी डोळ्यानं मापली आणि जेवायला लागली. इंद्रभान मुठी मिटून शेजारी उभाच होता.

दोन वर्षांपूर्वीचा बुलढाण्याचा दवाखाना त्याच्या डोळ्यांपुढं आला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तसा तो मागच्या जिन्यात जाऊन रडला होता. पोरीनं मात्र एवढंच विचारलं होतं, सोमवारी शाळेत जाता येईल ना? तेव्हापासून लोक तिला बिचारी म्हणत, आणि मनातल्या मनात तोही म्हणे. आज त्याला कळेना, की बिचारं नेमकं कोण.

"चुकलं बापा माझं," तो हळूच म्हणाला.

"हो," महामाया म्हणाली. "हात धुऊन या, बाबा. जेवा."

जीप परत आली तशी पुष्पांजलीनं पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. रागावली असती तर परवडलं असतं.

महिन्याभरानं डोणगावहून एक गृहस्थ लग्नाची पत्रिका घेऊन मुद्दाम मेहकरला आले. त्यांच्याकडं चार वक्ते ठरले होते आणि चौघांपैकी एकालाही नाही म्हणायची सोय नव्हती. पोरीला पुढच्या रांगेत बसवू, ताट पहिलं तिला, फक्त तिला आणा, असं ते दोनदा म्हणाले.

इंद्रभाननं पत्रिका यार्डात नेली आणि आम्हाला खास बोलावणं आहे, असं सांगत प्रत्येक अडत्यापुढं धरली. एका हमालानं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "तुमचं नाव कुठी आहे?"

पत्रिकेवर लिहिलं होतं, कु. महामाया इंद्रभान सरकटे.

इंद्रभाननं बोट ठेवून दाखवलं. "हे काय. मधात."