व्याकरणबाईंना दुभाष्या नको

"दुभाष्या कशाला? मी काय मेले?" व्याकरणबाईंनी मुलाला ठणकावलं.

उभा जन्म शाळेत व्याकरण शिकवण्यात गेलेला. त्यांच्या वर्गात खडूसुद्धा जीव मुठीत धरून फळ्यावर चालायचा! मुलाने परमुलखातली मुलगी पसंत केली होती आणि आज तिची आई घर बघायला येणार होती. तिने हो म्हटलं, तरच लग्न.

"अगं आई, तुला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नाही!"

"शब्द काय, पोपटही पाठ करतो! सांगाडा महत्त्वाचा. करणारा सगळ्या भाषांत असतो, क्रियापदही असतं, फरक फक्त कोण कुठे बसतं एवढाच. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मधे. नकार सगळ्यात आधी. बाकी हातवारे! तोंडातून आपला एक शब्द काढणार नाही, क्रम बिघडतो. मुलगी आली की तुम्ही दोघं फिरून या!"

विहीणबाई आल्या. बाईंनी त्यांच्याकडे बोट केलं, स्वतः बसून दाखवलं, मग खुर्ची थोपटली. तुम्ही, बसा, खुर्चीवर! क्रम अगदी चोख! यजमानीणबाईंना चक्कर आली असं वाटून विहीणबाई वर्तमानपत्राने वारा घालू लागल्या.

जेवणानंतर विहीणबाईंनी ताटं उचलली. "तुम्ही भांडी घासू नका" हे सांगायला बाईंनी आधी मान हलवली, मग विहिणीकडे बोट, हवेत घासणं आणि शेवटी भांड्यांचा ढीग. विहीणबाईंनी मुकाट बाह्या सरसावल्या. बाईंनी तेच वाक्य दुप्पट जोराने केलं. विहीणबाईंनी कढयाही ओढल्या! तिसऱ्यांदा केलं, तर शेगडी!

फिरून आलेल्या मुलाने ते पाहिलं आणि आईला बाहेरच्या खोलीत ओढलं.

"पाहुणीला भांडी घासायला लावलीस?"

"वाक्यरचनेत एक चूक दाखव!" बाई दबक्या आवाजात फिस्कारल्या. "एक!"

तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. इकडची भाषा ती अडखळत बोलायची, पण चेहरा फुलला होता.

"आई हो म्हणाली! म्हणते, सासूबाई मुक्या आहेत बिचाऱ्या, तरी केवढी धडपड! दमल्या होत्या म्हणून तिने भांडीही घासली. म्हणते, टोचून बोलणारी सासू नाही, माझी लेक सुखात राहील."

"मुकी? मी?" असं गरजायला बाईंनी तोंड उघडलं, तोच दारात हात पुसत विहीणबाई उभ्या!

तोंड मिटलं. मुलाचे हात जोडलेले. बाईंनी विहिणीकडे पाठ फिरवली, मुला-मुलीकडे बोट दाखवलं, मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग मूठ आवळून मुलाच्या नाकासमोर नाचवली.

लग्न लागू दे, मग बघ!

या वाक्याचा अर्थ मात्र मुलाला एका झटक्यात कळला.