महाराजांचे रजईचे मापाची बखर

श्रीगजानन प्रसन्न. ऊब देणारी जी आदिमाया, तीस नमन करोन, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, पौषमासी जे वर्तमान जाहले ते लिहिले आहे ऐसीजे. राज्य थोर, परंतु थंडी दांडगी आणि महाराजांची रजई आखूड. मागील साली कापडकोठीचे कारभारी विसाजीपंत यांणी काटकसरीने कापड आणिले, आणि रजई डोईवर ओढावी तर पाय उघडे, पायांवर ओढावी तर डोई उघडी, ऐसे जाहले. मग महाराजांस पडसे जाहले, आणि शेजारील राज्याचे वकील कुरणाचे तहावर शिक्का करणार तोच महाराज भर दरबारी शिंकले. वकील अपशकुन जाहला म्हणोन तह गुंडाळोन चालते जाहले. यंदा तेच वकील पुन्हा येणार, सबब महाराजांनी पंतांस बोलावून आज्ञा केली, "अंथरूण पाहोन पाय पसरावे, हे रयतेस. तुम्ही आमचे पाय पाहोन अंथरूण आणावे. यंदा शिंक आली तर तुमची रवानगी डोंगरी किल्ल्यावर." त्या किल्ल्यावर वारा ऐसा की कावळाही कानास फडके बांधोन बसतो.

मग पंत दोरी घेवोन मापास निघाले, तो राणीसाहेब कडाडल्या की, निजल्या माणसाचे माप तिरडीस घेतात, महाराजांचे अंगास दोरी लावाल तर याद राखा. मग मसलत बैसली आणि ठरले की, महाराजांची सावली मोजावी, सावलीस मरण नाही. जोशीबुवांनी पंचांग पाहोन गोरज मुहूर्त काढिला. तो मुहूर्त लग्नास उत्तम. सावलीस कैसा, हे कोणी पुसिले नाही. सूर्य बुडता बुडता महाराज गच्चीवर उभे राहिले आणि सावली एकवीस हात भरली. माणूस आपले हाताने साडेतीन हात, हे पंतांस ठाऊक होते. परंतु आपण इतके नाही, हे महाराजांस सांगावे कोणी? महाराज तर सावलीकडे पाहोन मिशीस पीळ देत म्हणाले, "आम्हांस वाटलेच होते." मग पंतांनी डोईशी दुमडावयास हातभर आणि पायाशी खोचावयास हातभर वाढविले, कापडाचा पन्हा अरुंद म्हणोन पट्टीस पट्टी जोडावी ऐसे धरिले, आणि पेठेतील छिटाचे कापड सरले, आणि कापूस सरला, आणि शेवटी रयतेच्या उशा उसवाव्या लागल्या.

रजई शयनगृही माईना, म्हणोन दरबारीच पसरली. महाराज आत शिरले, आणि पावलांस ऊब लागोन ऐसे संतोषले की उठेनात. कारभार तेथोनच चालिला. वकील यावयाचे दिवशी पंत रजईचे पलीकडील टोक झाडीत होते, अंगात बंडी, डोईस पागोटे नाही, तो वकील वेळेआधीच दाखल जाहले. बोडक्या डोईने परक्यासमोर येणे म्हणजे दरबाराची अब्रू जाणे. सबब पंत रजईत शिरले, आणि गडबडीत पाय मात्र बाहेर राहिले. वकिलांनी या टोकास महाराजांचे मस्तक पाहिले, त्या टोकास पाय पाहिले, मधील अंतर नजरेने मोजिले, आणि लगबगीने तह उलगडोन शिक्का हाती घेतला. इकडे पंतांचे तळपायांस वारा लागला आणि नाक हुळहुळले. डोळ्यांपुढे डोंगरी किल्ला आला. नाक दाबिले, कुलस्वामीस नवस बोलिले, परंतु शिंक आलीच.

वकिलांचा हात शिक्क्यावर थांबला. तेव्हा महाराज उशीवरोन सावकाश बोलिले, "शिंक आमचीच. थंडी पायांस लागली, ती तेथेच निघाली. डोईपर्यंत यावयाची तर सांज होते."

वकिलांनी घाईघाईने शिक्का केला आणि ते विडाही न घेता निघोन गेले. मग दरबार मोकळा जाहला, आणि महाराजांनी हाक मारिली, "पंत, पाय आत घ्या. ते आता आमचे आहेत."

एवंच, कुरण राज्यास मिळाले, पंत कोठीवर कायम राहिले आणि रयत तो हिवाळा हातावर डोके ठेवोन निजली. ऐकिले तैसे लिहिले. वाचणारांनी पाय झाकोन निजावे, हे विनंती.